वीस अंशांचं गाव

मे महिना आला की आमच्या कॉलनीत दोन गोष्टी हमखास होतात. कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला जातो, आणि कुणीतरी उत्तरेकडच्या थंड गावात आठ दिवस राहून परत येतं. परत आलेला माणूस अक्रोड वाटतो आणि अक्रोडांबरोबर आपलं मतही वाटतो. यंदा ही पाळी शेजारच्या नानांची होती. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, माणूस वाईट नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही चौघं बसलो होतो. नाना सांगू लागले की थंड हवेत माणूस आपोआप कामसू होतो, शांत होतो, शब्दाचा पक्का होतो. आपल्याकडे हे असं ऊन, म्हणून माणूस आळशी आणि डोक्यानं गरम. इथवर मी ऐकून घेतलं. मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. एका विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात इतकी वर्षं डोकी फुटली, घरं जळली, तो सगळा इथल्या उन्हाचा परिणाम.

मी हातातला अक्रोड खाली ठेवला. म्हटलं, नाना, घरं जळली ती पावसाळ्यात. आषाढ-श्रावणातलं ओलं छप्पर उन्हानं पेटत नाही. त्यासाठी घरून रॉकेल घेऊन जावं लागतं.

नानांनी अक्रोडांची पिशवी जवळ ओढली. बाकीचे दोघं घाईघाईनं पाण्याच्या टँकरच्या विषयाकडे वळले. मी मात्र त्या दिवसापासून आतून धुमसतो आहे, आणि हे लिहून काढल्याशिवाय ते शमणार नाही असं दिसतं.

थंड गावाबद्दल मला कुणी सांगू नये. मीही एका थंड गावात, नानांच्या गावाहून कितीतरी उत्तरेला, अख्खं वर्ष काढलं आहे. वाळूजला नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती, ज्वारीच्या रानात लोखंडी खांब रोवले जात होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कंपनीचं तंत्र युरोपच्या उत्तरेकडच्या एका लहानशा गावातल्या कारखान्याकडून घेतलेलं होतं. मी तपासणी विभागात होतो. तयार झालेला नग मापात आहे की नाही हे सांगायचं, एवढंच माझं काम. तिथली पद्धत शिकून यायला कंपनीनं मला पाठवलं. त्या गावाचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या शेडमध्ये, सगळे त्याला थंडगाव म्हणत. मीही तेच म्हणतो.

मी पिशोरजवळच्या एका वाडीतला. आमच्याकडे आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती, वडिलांच्या काळात मेंढरं गेली आणि थोडी जमीन आली. निघताना आईनं घोंगडी बांधून दिली. मी नको म्हणत होतो. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ती अंगावर आली आणि चार महिने उतरली नाही.

मी पोचलो तेव्हा पानगळ सुरू होती. झाडं पिवळी पडतात हे आपणही पाहतो, पण तिथं सबंध डोंगर एकाच आठवड्यात पिवळा होतो आणि दुसऱ्या आठवड्यात उघडा पडतो. मग धुकं. मग एके सकाळी उठलो तर बाहेरचा आवाजच गेलेला. बर्फ पडताना आवाज होत नाही, उलट बाकीचे आवाजही तो गिळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात सूर्य नऊ वाजून गेल्यावर उगवायचा आणि साडेतीनच्या सुमारास मावळायचा. मधला वेळ आजारी माणसानं भिंत धरून चालावं तसा क्षितिजाच्या कडेकडेनं सरकायचा. घरमालकीणबाईंना घोंगडीचा वास सहन होईना, म्हणून त्यांनी ती एकदा धुऊन बाहेर टाकली. संध्याकाळी ती इतकी ताठ झाली होती की आम्ही ती दारासारखी उचलून आत आणली. बाई हसल्या, मीही हसलो, आणि त्यानंतर तिच्या वासाबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

मार्च-एप्रिलात बर्फ वितळतो. चित्रात दाखवतात तसा नाही. गावभर चिखल होतो, आणि हिवाळाभर बर्फाखाली दडलेली कुत्र्यांची घाण एकदम वर येते. अक्रोड वाटणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते असल्या गावांत तेव्हा नसतात. मग उन्हाळा. पारा पंचविसाला टेकला तेव्हा माणसं हाश्शहुश्श करत कारंज्यात पाय सोडून बसली. रात्री दहालाही उजेड. म्हाताऱ्या बाया दारात खुर्च्या टाकून, डोळे मिटून, तोंड सूर्याकडे करून बसायच्या. परत आल्यावर मी हे आईला सांगितलं. आई निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट खाली ठेवून हसली.

“उन्हात? मुद्दाम?” तिनं विचारलं. “आन् मेंढरं कुठं?”

म्हटलं, हिवाळ्यात गरम गोठ्यात आणि उन्हाळ्यात कुरणात, झाडांच्या सावलीला.

“मंग माणसापरीस मेंढरं शहाणी हायेत तिथली,” ती म्हणाली आणि पुन्हा ताट उचललं.

माणसांचं म्हणाल तर ती आपल्यासारखीच होती. कामसू होती, आणि कामचुकारही होती. माझ्या शेजारच्या मशीनवर एकजण असा होता की त्याची शनिवारची दारू मंगळवारी उतरायची. थंड हवेनं त्याचं काही भलं केल्याचं मला दिसलं नाही.

पण एक गोष्ट मात्र मी तिथं वर्षभर पाहिली आणि तिचा अर्थ मला परत येईपर्यंत लागला नाही. बाहेर ऋतू एवढे उलटेपालटे व्हायचे, कारखान्यात मात्र ऋतूच नव्हता. हिवाळ्यात बॉयलरच्या वाफेवर शॉप गरम ठेवत. उन्हाळा तर मुळातच सौम्य. भिंतीवरचा तापमानाचा काटा जानेवारीतही विसावर आणि जुलैतही विसाच्या जवळपास. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की सर्व मापं वीस अंश तापमानाची आहेत. तिथं ती ओळ कुणी वाचत नसे. वाचायची गरजच नव्हती.

ती ड्रॉइंगं वाळूजला आली. ती ओळही आली. वीस अंश मात्र आले नाहीत.

म्हणजे अगदीच आले नाहीत असं नाही. एका खोलीपुरते आले. करारातच अट होती म्हणून शॉपच्या कोपऱ्यात मोजमापाची एक बंद खोली बांधली होती. दोन दारं, बाहेर चपला, आत वातानुकूलन यंत्र दिवसरात्र घुमत असलेलं. माझी बसायची जागा तीच. त्या खोलीत बारा महिने थंडगाव होतं. दार उघडून दहा पावलं बाहेर आलं की सिमेंटच्या पत्र्यांखाली मराठवाड्याचा मे महिना उभा. नग मोजायला आणला की आधी तो काही तास आत ठेवून थंड होऊ द्यायचा, मग मोजायचा, असा नियम होता. नगाला विश्रांतीचा नियम होता. तो नग करणाऱ्या माणसाला नव्हता. शॉपमधल्या पंख्यांची हवा भट्टीच्या तोंडासारखी लागायची. माणसं डोक्याला ओला रुमाल बांधून मशीन चालवायची आणि अर्ध्या तासात रुमाल वाळायचा.

मी परत आलो त्याच हिवाळ्यात यंत्रं बसली. हिवाळाभर काम सुरळीत चाललं. मे लागताच मात्र नग नापास होऊ लागले. ॲल्युमिनियमचा एक गोल भाग होता, बाहेरून शंभर मिलिमीटर. लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावरच, मोजला की बरोबर, माझ्या खोलीत मोजला की वीस-बावीस मायक्रॉन लहान. वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, पण तेवढ्यानं नग भंगारात जातो. लहान झालेला नग पुन्हा मोठा करता येत नाही.

त्या भागाच्या लेथवर तीन पाळ्यांत तीन माणसं होती. दोघं कायम झालेली. त्यातले एक शेषराव, घरची बागायत शेती, जिभेनं तिखट. तिसरा प्रल्हाद. तो कायम होण्याआधीच्या सहा महिन्यांच्या परीक्षेवर होता आणि ते महिने त्या मेअखेर संपत होते. नानांनी ज्यांचा विषय काढला त्या जळलेल्या घरांत एक घर प्रल्हादचं. तेव्हा तो शाळेत होता. गावातली त्यांची दलित वस्ती जळली, आईवडील हाती लागेल ते गठुड्यात बांधून शहरात आले आणि पुन्हा गेले नाहीत. वडील गुलमंडीवर कापडाच्या दुकानांत गठ्ठे उचलायचे. प्रल्हादनं आयटीआय केलं. नोकरी कायम झाली की वडिलांच्या पाठीवरचा गठ्ठा उतरवायचा, यापलीकडे त्याचा काही बेत नव्हता. तो त्यानं मला पहिल्याच ओळखीत सांगितला होता.

ते दिवस असे होते की नामांतराचा मोर्चा निघाल्याची बातमी आली की शॉपमध्ये जेवणाची टेबलं कुणी न सांगता वेगळी व्हायची. कोण कुठं बसलं यावरून कोण कुठल्या बाजूचं ते कळायचं. आमच्या वाडीतली माणसं त्या पावसाळ्यात काय बोलत होती तेही मला ठाऊक आहे. बरोबर बोलत नव्हती. नग नापास होऊ लागल्यावर शेषरावांनी एकदा पाळी बदलताना, दोन्ही पाळ्या जेवायला एकत्र असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की विद्यापीठाला नाव मागायला निघालेत, आधी नगाला माप तर द्या. दोन टेबलं हसली. नापास झालेल्यांत शेषरावांचे स्वतःचेही नग होते, पण ते कुणाला आठवलं नाही.

प्रल्हादनं भाकरीचा घास संपवला. मग म्हणाला, “माप रोज देतोय शेषराव. नाव कवा देताय ते बोला.”

पुन्हा हशा झाला, या वेळी दुसऱ्या टेबलांवर. पण संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्यानं विचारलं की भाऊ, तुम्ही तिथं बारा महिने राहिलात, तिथं कुणाचा हात चुकला तर काय करतात. मी आठवू लागलो. मला बॉयलर बंद पडल्याचा दिवस आठवला. जानेवारी होता, शॉप गारठलं, काटा नऊ-दहावर आला. फोरमननं काटा पाहिला आणि सगळ्यांना घरी पाठवलं, भरपगारी. अशा थंडीत ना हात नीट चालेल ना माप खरं येईल, असं तो म्हणाला. प्रल्हादला मी हे सांगितलं आणि सांगता सांगता थांबलो. तिथं हाताकडे बघण्याआधी काट्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी खोलीतला थर्मामीटर नेऊन लेथच्या खांबाला टांगला. दुपारी एक वाजता बेचाळीस. मी नापास झालेला एक नग खोलीतून बाहेर आणला, प्रल्हादच्या मशीनजवळ चहाच्या वेळेपर्यंत ठेवला आणि त्याच्याच मायक्रोमीटरनं मोजला. बरोबर. परत आत नेला, संध्याकाळी मोजला. लहान. उष्णतेनं लोखंडही फुगतं आणि ॲल्युमिनियमही, पण ॲल्युमिनियम दुप्पट फुगतं, आणि आमचे मायक्रोमीटर लोखंडाचे. बेचाळीस अंशांत बरोबर मापाला कापलेला नग विसावर येताच पंचवीसेक मायक्रॉन लहान भरणारच. हे गणित दहावीच्या मुलाला येतं. थंडगावात ते कधी करावं लागलं नाही, आणि इथं ते करायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तिन्ही पाळ्यांचे आकडे मांडले. दुपारच्या पाळीचे सर्वांत जास्त नापास, रात्रीच्या पाळीचे सर्वांत कमी. पाळ्या दर आठवड्याला बदलत. माणूस बदलला तरी आकडा उन्हामागे जात होता.

शॉपचे मुख्य, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, हुशार होते. पाच मिनिटांत त्यांना समजलं. दुसऱ्याच दिवशी पेंटरनं पाट्या रंगवल्या, मराठीत, ठळक अक्षरांत: इतके अंश असतील तर इतके मायक्रॉन जास्त ठेवा. प्रत्येक लेथवर पाटी लागली. चार दिवसांत नापास नग थांबले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. शेषरावही म्हणाले की सखाराम, लई मोठं काम केलंस बाबा. ॲल्युमिनियमला न्याय मिळाला.

मग मी प्रल्हादचं विचारलं. साहेब म्हणाले ते आता पर्सोनेलकडे, म्हणजे नोकऱ्यांचं बघणाऱ्या विभागाकडे आहे. पर्सोनेल ऑफिसरनं मला बसायला सांगितलं, पंखा वाढवला आणि अगदी सभ्यपणे समजावलं. परीक्षेच्या काळाचा अहवाल आधीच वर गेला होता, त्यात प्रल्हादच्या नावापुढे शेरा होता: हात बसलेला नाही. बाकीचे दोघं कायम, त्यांचे अहवाल जातच नाहीत. चूक उन्हाची हे आम्हाला मान्य आहे, ते म्हणाले, म्हणून आम्ही त्याला काढत नाही. त्याला पहिल्यापासून सहा महिने पुन्हा घेऊ. मी म्हटलं, मान्य आहे तर तसं लिहा. ते म्हणाले, लिहिलं तर वरून विचारतील की मराठवाड्यात मे महिना येतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का. मग आवाज खाली आणून आणखी एक वाक्य म्हणाले: शिवाय सध्या या लोकांचं एक ऐकलं की दहा मागण्या येतात.

मला राग येतो तो इथं. नानांच्या बडबडीचा नाही. चूक कुणाची ते कळलेलं होतं. आकडे समोर होते. पाट्या रंगवून झाल्या होत्या. न कळल्यामुळे अन्याय झाला असता तर मी ते अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. इथं सगळं कळल्यानंतर, शांत डोक्यानं, पंख्याखाली बसून ठरवलं गेलं की धातूची दुरुस्ती करायची आणि माणसाची करायची नाही. यात ऊन कुठं आलं?

प्रल्हादला बोलावलं. माझ्यासमोर कागद दिला. ‘माझ्या कामात सुधारणा करण्यासाठी मला आणखी सहा महिन्यांची संधी मिळावी’ अशी विनंती त्याच्या नावानं टाइप करून ठेवलेली होती. त्यानं उभ्यानंच वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून.

“सही कर,” ऑफिसर म्हणाले. “पोटाचा प्रश्न आहे.”

“पोटाचा हाय म्हणून तर वाचून करतो, साहेब. यात माझा हात खोटा हाय असं लिहिलंय. तो खोटा नाय.” त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. “उन्हाची सही घ्या यावर. मंग माझी घ्या.”

मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. डांबर मऊ झालेलं होतं, चपला चिकटत होत्या. मी म्हटलं, आज सही कर, शेऱ्याचं मी बघतो. त्यानं मान हलवली. “तुमी बघाल, भाऊ. पण बापाला काय सांगू? कायम व्हायला आधी खोटा झालो म्हणू?” एवढं बोलून तो रस्त्याला लागला. मी त्या महिन्याच्या तपासणी अहवालात तिन्ही माणसांच्या नापास नगांपुढे कारण म्हणून तापमान लिहिलं. एका नावापुढचं बदला, असा निरोप आला. मी बदललं नाही. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. पाट्या लागलेल्या होत्या, काम चालू होतं.

प्रल्हाद पुण्याकडे गेला. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये लागला, पुढे तिथला मुख्य कारागीरही झाला. पण ते सगळं व्हायला वेळ लागला, आणि वडिलांना तेवढा वेळ नव्हता. ते शेवटपर्यंत गुलमंडीवर गठ्ठे उचलत राहिले.

यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा एकदाचा निकाल लागला. त्या संध्याकाळी मी विद्यापीठाच्या फाटकाकडे गेलो होतो. निळ्या पताका, दिव्यांच्या माळा, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं नुसती उभी राहून फाटकाकडे बघत होती. त्या गर्दीत मला कुणीतरी सखारामभाऊ म्हणून हाक मारली. प्रल्हाद होता. कानांजवळ केस पांढरे झालेले, बरोबर बायको आणि दोन मुली. आईला धक्क्याबुक्क्यांत नको म्हणून बाजूला कट्ट्यावर बसवलं होतं. त्यानं मुलींना माझ्या पाया पडायला लावलं आणि मला पाट्यांचं विचारलं. म्हटलं, आहेत, दर उन्हाळ्याआधी नव्यानं रंगवतात.

“आन् माझा शेरा?”

मला खरं ते सांगावं लागलं. शेरा तसाच आहे. दोन पर्सोनेल ऑफिसर बदलले, दोघांनाही मी सांगून पाहिलं, दोघांनी मान डोलावली. प्रल्हाद फाटकाकडे बघत हसला. “एवढं मोठं काम झालं, भाऊ. माझी तर एकच ओळ हाय.” मला हसू आलं नाही. ते पाहून तोही हसायचा थांबला.

परवाच्या सोमवारी मी तिसऱ्यांदा गेलो. आता पर्सोनेलला नवीन तरुण आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं की काका, इतक्या वर्षांनी त्या माणसाला त्याचा काय उपयोग. म्हटलं, उपयोग त्याचा तो ठरवेल. चूक आपली आहे, ती आपण काढायची. माझे त्या उन्हाळ्याचे अहवाल मी बरोबर नेले होते, ते त्याच्या टेबलावर ठेवले. तो म्हणाला की जुन्या फायली मागच्या कपाटात आहेत, किल्ली कुणाकडे आहे ते बघावं लागेल, तुम्ही उद्या या.

मी म्हटलं, तुम्ही बघा. आणि खुर्ची ओढून तिथंच बसलो.